पेपर मिलची खंडेनवमी

मंदा पाटोळे शिरोळ तालुक्यातली. बाप इचलकरंजीत मागावर होता. पोरगी न्यूझीलंडला मॅनेजमेंटचा डिप्लोमा करायला आली आणि शेवटी कागदाच्या मशीनवर उभी राहिली. एवढं शिकून हे काय गं, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "घरात जन्मल्यापास्नं मशीनचाच आवाज ऐकलाय. तेच्याबिगर झोप लागत न्हाई."

मिल पाईनच्या जंगलात, नदीकाठी. सत्तर वर्षांमागं बांधली तेव्हा तिथं गावच नव्हतं, मिलनंच ते वसवलं. आधी वर्तमानपत्राचा कागद निघायचा. पेपर वाचणारे आटले, तसा किवी-सफरचंदाच्या खोक्यांचा तपकिरी कागद काढू लागले. मशीन केवढं म्हणाल, तर आपल्याकडच्या वेशीपासून देवळापर्यंत पुरेल एवढं. एका टोकाला पातळ लगदा पडायचा, दुसऱ्या टोकाला पुरुषभर उंचीची कागदाची गुंडाळी निघायची. मंदाचा पाळीतला जोडीदार विरेमू. माओरी गडी, अंगानं दांडगा. त्याच्या आज्यानं या मशीनच्या पायाचं काँक्रीट ओतलेलं, बापानं त्यावर कंबर मोडून घेतलेली, आणि आता हा.

पहिल्याच वर्षी खंडेनवमीला मंदा हळदकुंकू घेऊन कामावर गेली. आपल्याकडं त्या दिवशी हत्यार थांबवून पुजतात. इथं मशीन थांबवायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं. मग तिनं चालत्या मशीनच्या कठड्यालाच हळद लावली. ऑक्टोबरात तिकडं झेंडू कुठला? विरेमूनं नदीकाठच्या कोव्हाईची पिवळी फुलं ओंजळभर आणली, आणि तिचं झाल्यावर त्यानं आपल्या भाषेत कराकिया, म्हणजे प्रार्थना, म्हटली. ते मग दरसाल होत गेलं. नारळ गोदामामागं फुटायचा, खोबरं सगळ्या पाळीला.

यंदा बातमी आली की मिल बंद. वीज परवडत नाही, असं परदेशातल्या मालकांनी कळवलं. मशीन थांबवायची तारीख धरली ती नेमकी खंडेनवमीची. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता, पण मॅनेजर ग्रेगला मंदाची हळद आठवली. त्यानं तिला बोलावून घेतलं. साडी नेस, दिवा लाव, नारळ फोड आणि कॅमेऱ्यापुढं बंद करायचं बटण तूच दाब, म्हणाला. ऑकलंडच्या दुसऱ्या प्लांटात इथल्या चौघांनाच जागा आहे, आणि त्या दिवशी कोण कसं वागलं ते वरच्यांच्या ध्यानात राहतं, हेही त्यानं हसत हसत सांगितलं.

मंदाला ती जागा हवी होती. लेक स्वानंदी शेवटच्या यत्तेत, नवरा नाही, आणि मिल गेल्यावर त्या गावात डेअरी म्हणतात त्या वाणसामानाच्या दुकानाखेरीज काम नाही. विचार करते म्हणून ती घरी आली. लेक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आई, जस्ट डू इट. इट्स टेन मिनिट्स."

तेवढ्यात ऑकलंडच्या मराठी मंडळाचे पुरुषोत्तम सरनाईक यांचा फोन. पुण्याचे, आयटीतले. ग्रेगनं त्यांनाही गाठलं होतं. ढोलपथक घेऊन येतो, आपली संस्कृती टीव्हीवर दिसेल, म्हणत होते. मंदानं ऐकून घेतलं.

"दादा, खंडेनवमीला हत्यार पुजत्यात ते दसऱ्याला पुन्हा चालवायचं म्हणून. हे तर भंगारात घालणार हाईत. मढ्याला हळद लावायला मला बोलवू नका."

"अहो, मंदाताई, सिम्बॉलिक असतं ते."

"मग सिम्बॉलिक तुमी करा. नारळ मी देते."

खंडेनवमीच्या सकाळी तिची पाळी सुटली. ग्रेगनं साडीचं विचारलं. पूजा नाही आणि बटणही नाही, असं तिनं त्याला तोंडावर सांगितलं आणि गेटबाहेर आली. गवतावर लेकीचा पोहायला न्यायचा टॉवेल अंथरला. त्यावर कागद कापायची आपली सुरी ठेवली. विरेमूनं शेजारी आज्याचा पाना ठेवला. मग पाळीतली माणसं येत गेली. कुणी हातोडी टेकवली, कुणी स्क्रूड्रायव्हर, कुणी वेल्डिंगचा मुखवटा. मंदा एकेकाला हळद लावत होती आणि विचारणाऱ्याला सांगत होती, "मालकांचं मशीन थांबंल. ही आपली हत्यारं हाईत, ही उद्या चालणार."

पुरुषोत्तम झब्बा घालून, ढोल उतरवून उभे. आत जावं की इथं थांबावं, कळेना.

"हत्यार आणलंय का काय?" मंदानं विचारलं.

ते गाडीकडं गेले नि लॅपटॉप घेऊन आले. "हा चालेल?"

"ठेवा. पोट तेच्यावरच हाय न्हवं?"

विरेमूची प्रार्थना चालू असतानाच आत ग्रेगनं स्वतः बटण दाबलं. आवाज गेला. नदीचं पाणी ऐकू येऊ लागलं, आणि म्हातारी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. विरेमूचे शब्द अडखळले, पण त्यानं प्रार्थना पुरी केली. मंदानं नारळ उचलला आणि मिलच्या गेटच्या खांबावर असा हाणला की पाणी कंपनीच्या पाटीवर उडालं.

चार जागांत तिचं नाव आलं नाही. दोन महिने घरी बसली, मग ऑकलंडच्या टाकानिनी भागातल्या खोक्यांच्या कारखान्यात मुलाखतीला गेली. तिथल्या सुपरवायझरच्या कानावर गोष्ट गेलेली. तुम्ही मॅनेजरला नाही म्हणालात म्हणे, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, हो, म्हटलं, आणि तुम्ही तसलं काही सांगितलंत तर तुम्हालाही नाही म्हणीन.

तो हसला नाही. रात्रपाळी दिली त्यानं, आणि मंदानं ती घेतली.