एम. पिलिंगचा डबा

मेव्हिस आणि मार्जरी या दोघी बहिणींचा मिळून एक डबा होता. पत्र्याचा, गोल, झाकणावर बर्फातून चाललेली घोडागाडी. आतली टॉफी संपून साठ वर्षं उलटली होती आणि आता त्यात बटणं असत. हा डबा हिवाळ्यात थोरल्या मार्जरीकडे आणि उन्हाळ्यात धाकट्या मेव्हिसकडे राहायचा. ज्या रविवारी सगळा देश आपली घड्याळं तासभर पुढे-मागे करतो, त्या रविवारी डबाही घर बदलायचा. तो पोचवायचं काम मेव्हिसच्या नवऱ्याचं, क्लिफर्डचं. "राजवाड्यात मुकुटाचीसुद्धा एवढी ने-आण होत नसेल," असं तो दर वेळी म्हणायचा, आणि दर वेळी दोघींपैकी कुणीच हसायची नाही.

मी इंग्लंडमधल्या या हॉलिनशॉ गावात आले तेव्हापासून मेव्हिसची नि माझी भिंत एक आहे. तिच्या घरात टेबल सरकवलं तर माझ्या भांड्यांना कळतं. त्यामुळे डब्याचं भांडण मला आधी भिंतीतून ऐकू आलं आणि मग समोर बसून.

भांडण असं. दोघी लहान असताना 'हूटर' नावाचं मुलांचं विनोदी कॉमिक दर गुरुवारी घरी यायचं. त्यात वाचकांनी पाठवलेले विनोद छापत, आणि आठवड्यातल्या सर्वांत चांगल्या विनोदाला टॉफीचा डबा बक्षीस. एका वर्षी दोघींनी एकेक विनोद पाठवला. एके दिवशी पोस्टमन डबा घेऊन दारात उभा. वर नाव फक्त 'एम. पिलिंग'. मार्जरी पिलिंग, मेव्हिस पिलिंग. वडील हॅरल्ड सोडले तर त्या घरात सगळ्यांची नावं एमवरूनच, आईसुद्धा मिनी.

"आई म्हणायची, बक्षीस घरात आलंय ना, मग भांडता कशाला?" मेव्हिसने मला सांगितलं. "आणि बदामवाल्या टॉफ्या तेवढ्या वेचून स्वतःच्या एप्रनच्या खिशात टाकल्या."

"पण अंकात छापलं असेल की कुणाचा विनोद ते."

"तो अंक आम्ही पाहिलाच नाही, राणी. म्हणून तर सगळं."

शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी संपल्यावर मेव्हिसने जुने 'हूटर' जमवायला घेतले ते यासाठीच. पण सुरुवात भांडणाने झाली आणि मधेच कधीतरी ती त्या कॉमिकांच्या प्रेमातच पडली. धाकट्या खोलीतला पलंग गेला, क्लिफर्डची मासे पकडायची काठी गेली, आणि तिथे सपातांची खोकी आली. हॉलिनशॉ हे सपाता बनवणारं गाव. खोक्यांना तोटा नाही. एका खोक्यात एक सहामाही नेमकी बसते.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती तिची केकची ताटली परत द्यायला, आणि दोन तासांनी बाहेर आले. एका पानावर पाद्रीबुवांचा बोकड चर्चमधली टोपी, फुलं आणि शेवटी प्रवचन खात होता. दुसऱ्या पानावर शाळेत वाढणारी एक अगडबंब बाई डाव घेऊन साऱ्या वर्गामागे धावत होती.

"ही बघ मी," मेव्हिस म्हणाली. "मी नोकरीला लागायच्या वीस वर्षं आधी यांनी मला काढून ठेवलंय."

चित्रकारांची नावं तेव्हा छापत नसत. मेव्हिसने त्यांना आपली नावं दिली होती. एक 'गुडघेवाला', कारण त्याच्या पोरांचे गुडघे बटाट्यासारखे. एक 'धूळवाला', त्याच्या चौकटीत कुणी पळालं की माणूस दिसायचाच नाही, नुसता धुरळा आणि मागे उडालेला एक बूट. "हा गुडघेवाला मधे आजारी होता," ती एखादं पान डोळ्यांजवळ नेऊन सांगायची. "हे बघ, तीन आठवडे दुसऱ्याच कुणीतरी गुडघे काढलेत. सफरचंदासारखे. याला पोरं माहीतच नाहीत."

पण तिचा खरा जीव शेवटच्या चौकटीत. तिथे दोनच शेवट असायचे. पोरानं चांगलं काम केलं असेल, तर डोंगराएवढा कुस्करलेला बटाटा आणि त्यात खोचलेली सॉसेजं. वाईट केलं असेल, तर बापाच्या हातात सपाता.

"आणि ती सपाता आमची!" मेव्हिस म्हणायची. "कोपऱ्यावर गोंडा दिसतोय? तसा गोंडा फक्त आमच्या खोऱ्यात लावायचे. माझे वडील शिवायचे. साऱ्या देशातली पोरं आमच्या गावच्या मालाने मार खात होती. आम्हाला काय अभिमान होता सांगू!"

इतर जमवणाऱ्यांना कोरे अंक लागतात. मेव्हिसला वापरलेले आवडायचे. कुणी कोडं चुकीचं सोडवलेलं, कुणी बोकडाला हिरवं रंगवलेलं, वरच्या कोपऱ्यात पेपरवाल्याने पेन्सिलीने घराचा नंबर टाकलेला. तिच्या स्वतःच्या घरातला मात्र एकही अंक उरला नव्हता. आई दर शुक्रवारी सकाळी त्यांनीच शेगडी पेटवायची. "गुरुवारी यायचा, शुक्रवारी जळायचा. कचरा म्हणायची ती त्याला. जागा अडवणारा कचरा."

हे सगळं असंच चाललं असतं. पण गेल्या हिवाळ्यात मार्जरीने चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं, की मुलगा तिला दूर दक्षिणेला, डेव्हनला नेतोय. घर विकायला काढलंय. वसंतात जाणार.

मेव्हिस म्हणाली, "डबा?"

"डबा माझ्याबरोबर."

"का म्हणून?"

"घड्याळाच्या रविवारी तुझा क्लिफर्ड डेव्हनला सायकल मारत येणार आहे का? आणि विनोद माझाच होता."

"तुझा? घोडा आणि खुर्चीचा?"

"हो. बाई विचारतात, घोडा आणि खुर्ची यांत फरक काय? मुलगा म्हणतो, माहीत नाही. पण बाई, तुम्हीच विचारताय, तर बसताना जपून बसा हं." मार्जरीने हा विनोद प्रार्थनेसारखा म्हटला. "याला म्हणतात बांधणी."

"माझा बरा होता. डॉक्टर म्हणतात, जेवणाआधी अर्धा तास चाला. पेशंट विचारतो, कुणाच्या?"

"नऊ वर्षांच्या पोरीला एवढंच सुचणार."

"सव्वानऊ!" मेव्हिस म्हणाली. एकाहत्तराव्या वर्षी तिचा आवाज चिरकला. 'हूटर'मध्ये नावापुढे वय छापत, आणि अर्धं-पाव वर्ष कुणीच सोडत नसे. मार्जरी तेव्हा साडेअकरा होती. तेही तिने लगेच सांगितलं.

मार्जरी गेल्यावर मेव्हिस माझ्याकडे आली. "ती जाणार म्हणून मला वाईट वाटत नाहीये," ती म्हणाली आणि माझ्या खुर्चीत बसून रडली. मग नाक पुसून म्हणाली, "पण डबा नेऊ देणार नाही. निदान पुराव्याशिवाय नाही."

मी फोनवर शोधलं. विकणारे नुसतं मुखपृष्ठ दाखवत, आणि 'हूटर' फारसं कुणी विकतही नव्हतं. गावात त्याच सुमाराला एका म्हाताऱ्या गृहस्थांचं घर रिकामं केलं, तेव्हा मेव्हिसला त्या वर्षाचा अख्खा गठ्ठा मिळाला. तिने तो जेवणाच्या टेबलावर आठवड्यांप्रमाणे मांडला. एकाही अंकात एम. पिलिंग नव्हतं. आणि मधे तेवढाच एक अंक नव्हता. ऑगस्टमधला.

"माझ्या गठ्ठ्यातही हाच नाही. चर्चच्या विक्रीत आणलेल्यातही हाच नव्हता," ती म्हणाली. "हा अंक छापलाच नव्हता की काय?"

क्लिफर्ड ताटं घेऊन उभा होता, टेबल रिकामं व्हायची वाट बघत. "कुठला आठवडा म्हणालीस? अगं, तेव्हा गावात होतं कोण? कुत्रीसुद्धा ब्लॅकपूलच्या समुद्रावर गेलेली."

मेव्हिसने वर पाहिलं.

"गावच्या सुट्टीचा आठवडा तो," क्लिफर्ड म्हणाला. "कारखाने बंद, बेकरी बंद, पेपरवाला बंद. त्या आठवड्याचं काहीच यायचं नाही. आता ताटं ठेवू का?"

"क्लिफर्ड!" मेव्हिस ओरडली. "मी दहा वर्षं चुकीच्या गावात शोधतेय!"

पूर्वी इथे प्रत्येक गावाची सुट्टी वेगळी असायची. शेजारच्या बर्न्लीची जुलैमध्ये. हॉलिनशॉ समुद्रावर वाळूत बसलं होतं, तेव्हा बर्न्लीची पोरं आपल्या घरी दारात आलेला 'हूटर' वाचत होती. म्हणजे तो अंक असलाच तर बर्न्लीतल्या कुणाच्या तरी माळ्यावर.

शनिवारी मी गाडी काढली. मेव्हिस पुढे बसली. मागे मार्जरी, मांडीवर डबा घेऊन.

"तू कशाला?" मेव्हिसने विचारलं.

"तू एकटी गेलीस तर ते पान फाडून येशील."

"आणि डबा कशाला?"

"ज्याचा निघेल त्याने तिथेच घ्यायचा. मी शब्दाची पक्की आहे." गाडी वळली की मागे बटणं खळखळत.

बर्न्लीच्या बाजारात जुनी कागदपत्रं विकणाऱ्याच्या पाटीवर 'सागर' असं नाव होतं. आपल्याकडचं कुणी भेटलं म्हणून मी क्षणभर हरखले, पण आतून निघाला तो लालबुंद गालांचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा लँकशायरचा माणूस. इथे ते जुनं आडनाव आहे.

"बोला, पोरींनो," तो दोघींना म्हणाला.

मेव्हिसने वर्ष आणि आठवडा सांगितला. त्याने टेबलाखालून एक खोकं ओढलं. "हे सगळं एकाच घरातलं. पण कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर आहेत, आधीच सांगतो. मागाहून तक्रार नको."

"असू देत, असू देत," मेव्हिस म्हणाली. तिची बोटं अंकांच्या कडांवरून चालू लागली. जुलै. जुलै. ऑगस्ट. मग ती थांबली. मुखपृष्ठावर बोकड वाळूत गाढवाची टोपी खात होता.

तिथल्या तिथे उघडायची तिची छाती झाली नाही. आम्ही शेजारच्या चहाच्या दुकानात गेलो. मार्जरीने रुमालाने टेबल पुसलं, मग बटाटा भरलेली गरम पाई घेऊन आलेल्या मुलीला पुन्हा पुसायला लावलं. डबा मधोमध ठेवला.

"दोघींनी मिळून उघडायचं," मार्जरी म्हणाली.

"तुझी बोटं तुपकट आहेत."

"मी अजून पाईला हात लावलेला नाही!"

शेवटी पान मी उलटलं. मधल्या पानावर चौकट होती: या आठवड्याचा डबा. मार्जरीने चष्मा पुसला. मेव्हिस खाली वाकली. घोडा नव्हता. खुर्ची नव्हती. डॉक्टरही नव्हता.

"हा कुणाचा?" मेव्हिस म्हणाली.

"खाली नाव वाच."

"एम. पिलिंग, हॉलिनशॉ. वय..." ती थांबली. "वय साडेछत्तीस."

"छपाईची चूक," मार्जरी ताबडतोब म्हणाली. "साडेअकराचं केलंय."

"मग विनोद तुझा आहे का?"

मार्जरीने अंक स्वतःकडे ओढला आणि आपल्या प्रार्थनेच्या आवाजात वाचू लागली. "मुलगी: आई, एवढी थंडी आहे, अजून विस्तव का नाही पेटवलास?" तिचा आवाज खाली आला. "आई: थांब गं. अजून माझं वाचून व्हायचंय."

चहाच्या दुकानात बश्या वाजत होत्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी मेव्हिसच्या खांद्यांना काहीतरी झालं. मग मार्जरीने तोंडावर रुमाल धरला, पण तो आवाज रुमालात मावणारा नव्हता. दोघी हसत सुटल्या. टेबल हललं, बटणं खळखळली, पलीकडच्या टेबलावरचं जोडपं कारण माहीत नसताना हसायला लागलं.

"शुक्रवारी सकाळी!" मेव्हिस डोळे पुसत म्हणाली. "आपण जिन्यावर कुडकुडत उभ्या. आणि ही शेगडीसमोर गुडघ्यांवर, आपल्याकडे पाठ. कागद दमट आहे म्हणायची!"

"म्हणे कचरा!"

"पण मार्जे, तिला तरी कुठे माहीत असणार? डब्यावर नुसतं एम. पिलिंग. तिनेही अंक पाहिला नसेल."

मार्जरी हसायची थांबली. "ब्लॅकपूल," ती म्हणाली. "तुला आठवत नाही, तू वाळूत होतीस. गुरुवारी ती एकटीच पोस्टकार्डं आणायला म्हणून गेली. परत आली ती एकटीच हसत. पोस्टकार्ड एकही नाही. मी विचारलं तर म्हणाली, उन्हामुळे तसं वाटतंय."

"ऊन? ब्लॅकपूलला?"

"म्हणून तर लक्षात राहिलं." मार्जरीने डब्यावर हात ठेवला. "तिला माहीत होतं. नाहीतर बदामवाल्या टॉफ्या तिने काय म्हणून उचलल्या असत्या?"

मला त्या बाईचा विचार आला, जिला मी कधी पाहिलं नव्हतं. लेकींच्या कॉमिकला स्वतःचा विनोद पाठवणारी, वयापुढचं अर्धं न विसरणारी. गल्लीत कळलं असतं तर वर्षभर चेष्टा झाली असती. आणि डबा आला तेव्हा दोन पोरी आधीच तो ओढत होत्या. तिने दोघींना एकेक अर्धा विजय ठेवू दिला, आणि वर बदाम खाल्ले.

"जाताजाता आपण तिला विचारलं होतं, खरं सांग म्हणून," मेव्हिस म्हणाली. "दवाखान्यात. तेव्हाही काय म्हणाली? तुमचं तुम्ही बघा."

"आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, थकली." मार्जरी पुन्हा हसू लागली. "हसू दाबत होती, बये!"

बटाट्याची पाई गार झाली होती, ती दोघींनी एकाच ताटलीतून खाल्ली. नंतर डब्याचा प्रश्न आलाच, कारण आता तो दोघींपैकी कुणाचाच नव्हता आणि दोघींनाही पूर्वीपेक्षा जास्त हवा होता. परतीच्या अख्ख्या रस्त्यात मागच्या सीटवर त्याचीच वाटाघाट चालली. मेव्हिसही आता मागेच बसली होती. मला टॅक्सीवाली केलं होतं दोघींनी.

वसंतात मार्जरी डेव्हनला गेली. झाकण तिच्याकडे गेलं आणि डबा मेव्हिसकडे राहिला. बटणं मोजून वाटायचं ठरलं होतं, पण एका कोटाची सहा बटणं वेगळी कशी करायची यावर अडलं, तेव्हा सगळी डब्यातच राहिली. ही वाटणी क्लिफर्डला पटलेली नाही. "डबा उघडा, झाकण रिकामं. मांजर लाथ मारणार आणि मी पलंगाखाली बटणं शोधणार," तो म्हणतो. मेव्हिसने त्यावर सपातांच्या खोक्याचं झाकण ठेवलंय. ते बसत नाही.

दर गुरुवारी चार वाजता भिंतीपलीकडे फोन वाजतो.

"झाकण आहे?" मेव्हिस विचारते.

मार्जरी तिकडून काहीतरी म्हणते.

"आहे, आहे, इथेच आहे," मेव्हिस म्हणते. मग बटणं खळखळतात, कारण नुसत्या सांगण्यावर मार्जरीचा विश्वास नाही. ती खात्री झाली, की मेव्हिस त्या आठवड्यातला एक 'हूटर' उघडते आणि फोनवर तिला बोकडाचं पान वाचून दाखवते, चित्रांसकट.