सरळ केलेला बार

माझ्या माहितीत आयर्लंडमध्ये बर्फावर चालवायची गाडी बाळगणारा एकच माणूस आहे, आणि तो आमच्या शेजारी राहतो.

इथे बर्फ पडत नाही असं नाही. पडतो, साधारण सकाळी आठ ते दहा! तेवढ्यात शाळांना सुट्टी मिळते, दुकानातला पाव संपतो आणि फोटो काढायला बाहेर पडावं तर चिखल झालेला असतो. पण आमचा डेक्लन बरीच वर्षं कॅनडात होता. परत येताना त्याने डोंगरातल्या खोल बर्फात चालवायची आपली स्नोमोबाइल कंटेनरमध्ये घातली आणि थेट आमच्या सिटीवेस्टला आणली. (बायको तिकडेच राहिली. गाडी आणि बायको, दोघींपैकी कोणाला आधी विचारलं होतं, ते आम्ही कधी विचारलं नाही.)

तर ही गाडी त्याच्या घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झोपलेली होती. येत्या हिवाळ्यात तो ती नॉर्वेला मित्राकडे नेणार होता, आणि मित्राने कळवलं होतं की खोल बर्फात जायचं असेल तर पुढचा स्वे बार, म्हणजे दोन्ही बाजू जोडणारा दांडा, काढून टाक. डेक्लनची पाठ धरलेली. त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती, तर बार कुठला काढणार! एके दिवशी कुंपणावरून त्याने मला विचारलं, तुझे वडील मेकॅनिक ना?

होते. माझे वडील, म्हणजे आप्पा, कराडकडे एस.टी.च्या वर्कशॉपात तीसेक वर्षं होते. बस फाटकातून आत शिरतानाच तिचं काय दुखतंय ते सांगायचे. आई गेल्यावर त्यांना मी इथे आणलं आणि खिडकीपाशी एका खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत बसून ते दिवसभर ट्रामकडे बघत. आल्या आल्या त्यांनी मला सांगितलं होतं, "तुझ्या गाडीचं पुढचं बेअरिंग बोलाय लागलंय." मी म्हटलं, "हो आप्पा, गॅरेजला टाकतो." आणि टाकली! ते परत खिडकीकडे वळले. डेक्लनने विचारलं त्याच्या आदल्याच दिवशी मात्र जेवताना म्हणाले, "माजं तिकीट जरा अलीकडं घे. हितं मला काय काम न्हाई."

मला ते जायला नको होते. पण हे त्यांना सरळ सांगायचं सोडून मी म्हटलं, "बघतो."

म्हणून डेक्लनचा निरोप मी आत जाऊन सांगितला. आप्पांनी गाडीचं नावही विचारलं नाही. उठले, जुना शर्ट घातला, चष्म्याला दोरी बांधली आणि माझ्याआधी दारात जाऊन उभे राहिले. इतक्या महिन्यांत त्यांना इतकं भरभर चालताना मी पाहिलं नव्हतं.

इथे माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगणं भाग आहे. पहिली म्हणजे मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. आप्पांनी ही बातमी डेपोतल्या शेवटच्या कंडक्टरपर्यंत पोचवली होती. पदवी मिळाल्यापासून मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि पाना शेवटचा हातात धरला तो एक कपाट जोडताना. (ते कपाट अजून डावीकडे कलतं.) दुसरी गोष्ट म्हणजे मला आयरिश माणसांचं बोलणं निम्मंच कळतं. एकदा 'सॉरी?' म्हणता येतं, दोनदाही म्हणता येतं, तिसऱ्यांदा लाज वाटते. मग मी मान डोलवतो आणि म्हणतो, "ग्रँड!" हा इथला फार सोयीचा शब्द. ठीक आहे, चालेल, कळलं, काळजी नको, सगळं त्यात येतं. असंच एकदा ग्रँड म्हणून मी एका बाईंचा कुत्रा पंधरा दिवस सांभाळायचं कबूल करून बसलो होतो. कुत्रा दारात आला तेव्हा मला कळलं!

असा मी, त्या दिवशीचा दुभाष्या.

शेडमध्ये आप्पांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "हिला चाकं न्हाईत?"

"नाही, मागे पट्टा आहे आणि पुढे दोन स्की."

"लई झ्याक," म्हणत ते सरळ जमिनीवर आडवे झाले, बॅटरी हातात घेतली आणि गाडीखाली शिरले. आतून त्यांचा आवाज आला, "ह्यो बगा तुमचा बार. दोन्ही स्कींना जखडून ठेवतुय. एक उचलली की दुसरीला बी ओढतुय. डोंगरात ज्येचं त्येला हलू द्यावं लागतंय, म्हनून काडायचा."

मी हे इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं तर डेक्लन आधीच मान हलवत होता. आप्पा हात बाहेर काढून म्हणायचे, "थर्टीन." डेक्लन तेरा नंबरचा पाना द्यायचा. "हॅमर." हातोडी यायची. मी मधे उभा राहून दोघांच्या वाटेत येत होतो. दोन्ही टोकांचे बोल्ट निघाले, मधल्या पकडी निघाल्या, आणि आप्पांनी बार तिरका करत अलगद बाहेर ओढून घेतला. अंगठ्याएवढा जाड, दोन्ही टोकांना वाकलेला.

तेवढ्यात डेक्लनचा फोन वाजला. त्याची आई ड्रोहेडाला हॉस्पिटलमध्ये होती. तो रोज दुपारनंतर जायचा, पण आज डॉक्टर लवकर भेटणार होते. तो पाठ सावरत घाईघाईने आपल्या कारमध्ये बसला, गाडी मागे घेता घेता काच खाली केली आणि एका दमात काहीतरी बोलला. मला कळलं ते एवढंच: बार, शेड, आणि शेवटी, "स्टिक इट इन द हॉट प्रेस, विल या?"

"ग्रँड!" मी म्हणालो. गाडी गेली.

"काय म्हनला?" आप्पांनी विचारलं.

"हॉट प्रेस म्हणाला."

"म्हंजी?"

आता, इथे कपाटाला प्रेस म्हणतात हे मला माहीत होतं. 'चहा वरच्या प्रेसमध्ये आहे' असं बायको रोज सांगते. पण त्याच क्षणी माझी नजर शेडच्या कोपऱ्यात गेली. तिथे एक हायड्रॉलिक प्रेस उभा होता आणि शेजारी गॅसचा बर्नर! प्रेस आणि हॉट, दोन्ही हजर! इतकी वर्षं गाढ झोपलेली माझी पदवी नेमकी तेव्हा जागी झाली.

"तापवून प्रेसमध्ये घालायचा, आप्पा. सरळ करायला सांगितलाय."

आप्पांनी बार माझ्यापुढे धरला. "आरं, ह्यो वाकडाच असतुय. एस.टी.ला बी आसाच असतुय. आन् तापवला तर ह्येचं पानी उतरंल, कडकपना जाईल. कामातनं जाईल त्यो. इचार त्येला परत."

"तो गाडी चालवतोय, आई आजारी आहे त्याची. आता कुठे फोन करू?" (खरं कारण हे की फोनवर मला डेक्लनचं निम्मंसुद्धा कळत नाही.)

"तुला पक्कं म्हाईत हाय?"

"आप्पा," मी म्हणालो, "मी इंजिनिअर आहे."

त्यांनी बार एकदा हातात फिरवला. ज्या माणसाने कुणा साहेबाच्या सांगण्यावरून कधी एक नट जास्त पिळला नाही, तो माणूस म्हणाला, "मग बरूबर असंल."

आणि त्यांनी तो सरळ केला. घाई नाही, ठोकाठोक नाही. आधी एक टोक, मग दुसरं. शेवटी बार जमिनीवर लोटला तर तो टणटणत शेडच्या दारापर्यंत घरंगळत गेला! मी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी वाजवल्या नाहीत.

माझी बायको मृणाल बॉल्सब्रिजला ऑफिसात असते. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी दारातच सांगितलं, "आज आप्पांनी काय हॉट प्रेस केलाय म्हणून सांगू!"

"अगं बाई, आप्पांना कशाला करायला लावलास? मी रविवारी आवरणारच होते."

"आवरणार? बार?"

मग मी सगळी हकिगत सांगितली. ती ऐकता ऐकता मृणालने पर्स खाली ठेवली, माझा हात धरला, मला जिन्याने वर नेलं आणि बाथरूमशेजारचं एक दार उघडलं. आत गरम पाण्याची टाकी होती. भोवती फळ्या, फळ्यांवर टॉवेल, आणि उबदार कोरडी हवा.

"हा हॉट प्रेस," ती म्हणाली. "गरम कपाट. शेडमध्ये ओल असते, बार गंजेल, म्हणून इथे ठेव म्हणाला असेल तो. सात वर्षं तुझा टॉवेल इथून येतोय. तुला काय वाटलं, बाथरूममध्ये उगवतात?"

जिन्याखाली आप्पा उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते खोलीत गेले, आणि थोड्या वेळाने बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

मी आत गेलो. ते शर्टांच्या घड्या घालत होते. "आप्पा, चूक माझी आहे."

"हत्यार माज्या हातात हुतं," ते म्हणाले. "मला म्हाईत हुतं वाकडाच असतुय, तरी केला. आता हातांवर बी भरवसा ऱ्हायला न्हाई." मला फार वाईट वाटलं. त्यांच्या हातांना सगळं माहीत होतं. एक शब्द पुन्हा विचारायची लाज मला वाटली होती.

डेक्लन परत आला तेव्हा बाहेर लख्ख उजेड होता. इथली उन्हाळ्यातली संध्याकाळ संपता संपत नाही. गाडीचा आवाज ऐकताच आप्पांनी बार उचलला आणि ते माझ्यापुढे चालत गेले. त्याच्यासमोर ताठ उभे राहून, बहुधा मनात पाठ केलेलं इंग्रजी बोलले, "मिस्टर डेक्लन. बार स्ट्रेट. मिस्टेक माय."

खोटं कशाला सांगू, एक क्षण मला बरं वाटलं. आणि लगेच स्वतःची इतकी लाज वाटली की माझं तोंड आपोआप उघडलं. मी म्हणालो की चूक त्यांची नाही, ते नको म्हणत होते, परत विचार म्हणत होते. मला तुझं बोलणं कळलं नव्हतं. सात वर्षांत निम्मं कळलेलं नाही. आणि मग मी त्याला हॉट प्रेसचा माझा अर्थ सांगितला.

डेक्लनने बारकडे पाहिलं. शेडच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग तो हसायला लागला. पाठीत कळ आली म्हणून गाडीला टेकला आणि टेकून हसला, 'ओह स्टॉप' म्हणत हसला. डोळे पुसता पुसता थांबला आणि हळू म्हणाला की आज आई पहिल्यांदा उठून बसली, आणि उद्या तिला हे सांगणार. त्याने बार घेतला, एक डोळा मिटून त्याच्या लांबीवरून नजर फिरवली आणि आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. मग हातवारे करत भराभर काहीतरी बोलला.

मला कळलं नाही. पण या वेळी मी ग्रँड म्हणालो नाही. "सॉरी?" त्याने पुन्हा सांगितलं. "सॉरी?" पुन्हा सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिसऱ्यांदा म्हणालो, "सॉरी?"

"आरं, किती छळतुयास त्येला!" आप्पा म्हणाले. "उद्या सकाळी गवत कापायचं मशीन खोलूया म्हनतुय. चा त्यो करनार हाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्येच्या हाताकडं बग की. तू नुस्ता तोंडाकडं बगतुयास." आणि डेक्लनकडे वळून आप्पा खणखणीत म्हणाले, "ग्रँड!"

बॅगेतले शर्ट परत खुंटीवर गेले. अलीकडच्या तिकिटाचा विषय आप्पांनी काढला नाही. मी मात्र काढला. सरळ म्हणालो, "आप्पा, तुम्ही जाऊ नका." ते म्हणाले, "मशीन हुईस्तवर तर न्हाई जात." मशीन अजून झालेलं नाही. मला वाटतं ते दोघं होऊ देत नाहीत.

नवा बार मी मागवून दिला. सरळ केलेला आप्पांनी आमच्याच हॉट प्रेसमध्ये, दोन्ही बाजूंना पकडी मारून, आडवा बसवला, आणि त्यावर आता टॉवेल वाळत असतात. म्हणजे डेक्लनने सांगितलं होतं तिथेच तो बार गेला, फक्त थोडा उशिरा आणि थोडा सरळ होऊन! मीही आता आपला टॉवेल आपण घ्यायचं ठरवलं आहे. त्यातला माझा कुठला, हे तेवढं अजून विचारायचं राहिलं आहे.