अंगठ्याला खिडकी ठेवलेला पट्टा

आमचा भाचा शिंपी. कापड त्याचं ऐकतं म्हणा ना! पण गिऱ्हाईक नसलं की फोन हातात. अंगठा सरकवून सरकवून मनगटाची शीर अशी दुखावली, की कात्री धरवेना. आणि लेकीचा नव्या नोकरीचा कोट शिवायचा राहिलेला!

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी व्यायाम शिकवले, अंगठा जखडणारा पट्टा दिला. तो ह्याला बेढब वाटला. पुढच्या खेपेला मी आणि त्याची लेक सोबत गेलो, तर स्वारी स्वतः शिवलेला पट्टा मिरवत हजर! आत अस्तर, दुहेरी शिवण, काय थाट!

"काका, सुंदर शिवलाय हो. पण अंगठा बाहेर कसा?"

"बाई, मग फोन कशाने सरकवू?"

बाईंनी कपाळावर हात मारला. सोबतची लेक म्हणाली, "राहू द्या बाबा, मी तयार कोट विकत आणते."

शिंप्याची लेक आणि तयार कोट! भाच्याचा चेहराच पडला. तिथेच बाकावर बसून त्याने खिशातला सुईदोरा काढला, अंगठा आत घेतला आणि डाव्या हाताने भोक शिवून टाकलं. टाके इतके वाकडे, की बघून आम्ही पोट धरून हसलो. पण महिन्याभराने कोट त्यानेच कापून शिवला, आणि लेकीला काय बसलाय म्हणून सांगू!