पेट्याखालची सावली

रॉ फोटो म्हणजे काय, हे सासरच्या माणसांना समजावून सांगायचं मी केव्हाच सोडून दिलं आहे. कॅमेऱ्याने जे पाहिलं ते सगळं त्या फाइलमध्ये असतं, फक्त वर रंगरंगोटी नसते. ती आपण करायची. कॅमेरा वायरने टॅबला जोडला की फोटो एकेक करून उतरतात. उघडला की क्षणभर चांगला झगमगीत दिसतो, मग टॅब खरी फाइल वाचतो आणि सगळं मरगळून राखाडी होतं. ते बघून आमच्याकडे दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "अय्यो, खराब झाला की!" एवढा महागाचा कॅमेरा घेऊन मी फसले असं जाऊबाईंचं ठाम मत आहे, आणि त्या मतामुळे त्यांना बरं वाटतं.

मी मूळची नाशिकची. नोकरीसाठी म्हैसूरला आले आणि लग्न करून इथल्याच एका जुन्या मराठी घरात पडले. या लोकांना इथे येऊन कित्येक पिढ्या झाल्या. त्यांचं वाक्य मराठीत सुरू होतं आणि कानडीत संपतं. आम्ही दोघं शहराच्या कडेला हिनकलला फ्लॅटमध्ये राहतो. सासरे थोरल्या दिरांबरोबर गावातल्या घरात. ते घर सासऱ्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं, पण आता सगळे त्याला 'थोरल्याचं घर' म्हणतात. सासरेसुद्धा तसंच म्हणतात.

मला एक नणंद आहे. थोरल्यांहून धाकट्या आणि माझ्या नवऱ्याहून मोठ्या. म्हैसूरजवळच्या वरुणा गावाकडच्या एका शेतकरी घरातल्या मुलाशी त्यांनी लग्न केलं. मुलगा कानडी, जात वेगळी. मी या घरात येण्याआधीची ही गोष्ट, पण इतक्या वर्षांत ताईंना त्या घरात कुणी बोलावलं नाही. त्यांचं नाव निघालं की थोरले दीर "साकु" म्हणतात, म्हणजे पुरे, आणि खरंच तिथे पुरे होतं. मी टी. नरसीपूरला संगमाचे फोटो काढायला गेले होते तेव्हा त्यांना मुद्दाम शोधून काढलं. तिथल्या शाळेत त्या शिकवतात. मला ओढून घरी जेवायला नेलं, आणि सगळं जेवण होईपर्यंत एकाच माणसाबद्दल विचारत राहिल्या. बाबा किती भात खातात, जिना चढतात का, रात्री खोकला येतो का. मी वयाने लहान, तरी त्या मला अहो-जाहो करत होत्या. त्या घरातल्या माणसांना अगं-तुगं करायचा हक्क आपल्याला उरला नाही असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं असावं.

सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. ऐंशी उलटून गेलेल्या माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या म्हणून करतात तो सोहळा. थोरल्यांनी हॉल घेतला, दोनदोनदा आठवण करून माणसं बोलावली, आणि पोटच्या मुलीला वगळलं. मी ताईंना फोन केला. म्हटलं, या. त्या म्हणाल्या, "कुणी काही बोललं तर?" मी म्हटलं, "मी आहे ना!" मोठ्या तोऱ्यात म्हटलं. सासरी आपला शब्द किती चालतो याचा हिशेब तेव्हा सुचला नाही.

त्या दिवशी सासऱ्यांना म्हैसुरी पेटा बांधला होता. आपला फेटा तो इथला पेटा, पण रुंद जरीकाठाचा आणि कपाळावर चांगलाच पुढे येणारा. हॉलचे दिवे बरोबर डोक्यावर. जरी पांढरीफटक येऊ नये म्हणून मी उजेड कमी धरून फोटो काढत होते. त्यात सासऱ्यांचा चेहरा कपाळापासून नाकापर्यंत काळोखात जात होता, पण ते नंतर टॅबवर निस्तरता येतं. नमस्काराची रांग चालली होती. थोरले दीर मंचाच्या कडेला आहेर घेत उभे होते. रांगेच्या अगदी शेवटी ताई आल्या आणि वाकल्या. हॉलमध्ये ओळखीच्या माणसांची कुजबुज एकदम थांबली. सासऱ्यांचा हात वर झाला आणि ताईंच्या डोक्यावर टेकला. मी बटणावरचं बोट उचललंच नाही.

ताई जेवल्या नाहीत. बस निघून जाईल म्हणाल्या. हॉलच्या पायऱ्यांवर माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "वहिनी, बाबांनी हात ठेवला हं! आला ना फोटो?"

"आला."

"तेवढा एक मला द्या. त्या घरातलं मला दुसरं काही नको."

त्या रविवारी थोरले दीर आणि जाऊबाई अल्बमचे फोटो निवडायला आमच्याकडे आले. जेवणाच्या टेबलावर टॅब ठेवला होता. आहेराचे, पंगतीचे, निरांजनांच्या ताटाचे, सगळे पसंत पडले. मग तो फोटो आला. जाऊबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"हे तेवढं काढून सोड," दीर म्हणाले.

"काय काढू?"

"काय म्हणजे? ती!"

"भावजी, बाबांनी स्वतः हात ठेवलाय."

"चार लोकांसमोर वाकली, काय करतील ते? लाथ मारतील? ग्रुपवर सगळी माणसं बघतात. सुम्ने वाद घालू नकोस."

'सुम्ने' म्हणजे उगाच. या घरात मी जे काही बोलते ते सुम्ने असतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. आमच्या ह्यांचं तोंड फक्त दंतवैद्यासमोर उघडतं. ते पंख्याकडे बघत बसले होते. मीच म्हटलं, "मी काढणार नाही. फोटो बाबांचा आहे, बाबांना विचारू."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर टॅब घेऊन मी गावातल्या घरी गेले. सासरे पुढच्या पडवीत खुर्चीवर होते. मी टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. मग त्यांनी ताईंच्या केसांवर बोट ठेवलं, तसा फोटो एकदम मोठा झाला आणि ते दचकले.

"केस किती पांढरे झालेत गं हिचे," ते म्हणाले.

मला वाटलं, जिंकले. मी म्हटलं, "बाबा, हा फोटो अल्बममध्ये घ्यायचा ना?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. आत टीव्ही चालू होता. मग टॅब माझ्याकडे सरकवत म्हणाले, "थोरल्याला विचार."

"त्यांना कशाला? हात तुमचा आहे. तुम्ही सांगा, मी बघते कोण काय बोलतं."

"थोरला म्हणेल तसं, अम्मा. मला इथंच राहायचं आहे ना." आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "तू उद्या हिनकलला असशील."

मला भयंकर राग आला. थोरल्यांचा नाही, सासऱ्यांचा. ज्या माणसाने ऑफिसात साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेकल्याच्या गोष्टी आम्ही दर सणाला ऐकतो, त्याला एक फोटो ठेवा म्हणता येऊ नये! घरी येईपर्यंत स्कूटरवर मी त्यांना मनातल्या मनात नाही नाही ते बोलले.

थोरल्यांना माझी गरजही पडली नाही. रविवारी मी चहाचे कप ठेवायला आत गेले तेव्हा त्यांनी टॅबच्या पडद्याचाच फोटो आपल्या फोनवर काढून घेतला होता. माझ्या रॉ फाइलची ही किंमत. हल्ली फोनमध्ये माणसावरून बोट फिरवलं की माणूस जातो आणि मागची भिंत आपोआप भरून येते. ताई गेल्या. राहिला तो फक्त सासऱ्यांचा हात, अधांतरी, कुणाच्याच डोक्यावर नसलेला. वाटलं, आता तरी कुणी विचारेल की हा हात कुठे ठेवलाय. कुणी विचारलं नाही. ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. एका मावशींनी लिहिलं, काय तेज आहे, जणू आम्हा सर्वांनाच आशीर्वाद देत आहेत. तोच फोटो मोठा करून आता दिवाणखान्यात लावला आहे. कुणी आलं की जाऊबाई बोट दाखवतात, "सगळ्यांवर हात आहे मामंजींचा." सासरे त्याच्याखालीच बसून कॉफी पितात आणि मान वर करत नाहीत.

ताई त्या ग्रुपवर नाहीत, असणार कशा! त्यांचा फोन आला. सहज फोन केलाय असं दाखवत त्यांनी पावसाची चौकशी केली, पोरांच्या परीक्षांचं सांगितलं, मग म्हणाल्या, "घाई नाही हं, पण तो फोटो..." मला माझीच लाज वाटली. मी त्याच दुपारी टॅब उघडला. म्हटलं, भिंतीवरच्या त्या भुताटकीला लाजवेल असा करून पाठवते. हॉलच्या दिव्यांचा पिवळेपणा काढला. पेट्याची जरी जागेवर आणली. ताईंच्या साडीचा हिरवा रंग नीट लावला. सगळ्यात शेवटी पेट्याखालची सावली उरली. सावल्या उजळायची पट्टी असते, ती मी हळूहळू उजवीकडे सरकवली. काळोखातून आधी भुवया आल्या, मग डोळे.

डोळे ताईंकडे नव्हते.

मी फोटो मोठा केला. हात खाली लेकीच्या डोक्यावर, बोटं केसांत रुतलेली, आणि नजर पार बाजूला, मंचाच्या कडेला, थोरले उभे होते तिकडे. चष्म्यामागे ते डोळे घाबरलेले होते. ऐंशी उलटून गेलेला माणूस स्वतःच्या मुलीला हात लावायला मुलाची परवानगी मागत होता. मी आधीचे आणि नंतरचे फोटो उघडले, सगळ्यांच्या सावल्या उजळल्या. एकात थोरले कडेला दिसत होते. काही बोलले नव्हते, नुसती मान हलवली होती, नाही म्हणून. त्याच्या पुढच्याच फोटोत सासऱ्यांचा हात ताईंच्या डोक्यावरून उचललेला आहे.

पडवीतला माझा सगळा राग तिथल्या तिथे विझला, आणि त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. मीच जगाला सांगत फिरते की फोटोत जे आहे ते दाखवावं, नसलेलं घालू नये, असलेलं काढू नये. पण हे मी ताईंना कशी पाठवणार होते? त्यांनी एकच वस्तू मागितली होती.

मी ती पट्टी परत डावीकडे ओढली. आधी होती तिथेच थांबले नाही, आणखी ओढली. डोळे गेले, भुवया गेल्या. पेट्याखाली नुसता काळोख राहिला, आणि खाली ताईंच्या पांढऱ्या केसांत तो हात. फोटो पाठवून दिला.

लगेच फोन आला. ताई रडत होत्या आणि हसतही होत्या. "किती सुंदर काढलाय हो! हाताच्या शिरासुद्धा दिसतात." मग म्हणाल्या, "बाबांचे डोळे तेवढे दिसत नाहीत. अंधार आलाय."

"पेट्याची सावली आहे, ताई."

"थोडा उजेड नाही का करता येणार? तुम्ही करता ना टॅबवर?"

"नाही येत. तेवढं नाही येत."

"इरली बिडी," त्या म्हणाल्या. राहू द्या. "हात माझ्या डोक्यावर आहे म्हणजे माझ्याकडेच बघत असणार, अल्ला? हो ना?"

"हो ताई," मी म्हटलं. "तुमच्याकडेच."