टाकीचं झाकण

उमरीकडच्या एका गावात, गोदावरीच्या काठावर नरसिंगमामाची नाव होती. नावेच्या मागे जुनी पेट्रोलची मोटर. मामा आणि त्याचा लहानपणापासूनचा सोबती केरबा, दोघांनी मिळून ती हैदराबादच्या भंगारबाजारातून आणली होती. मामा मोटरीचा दांडा धरायचा आणि केरबा पेट्रोलात ऑइल मिसळून टाकी भरायचा.

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या दुष्काळात नदी आटली. नाव वाळूवर पडली. मामाने मोटर घरी आणून गोणपाटात गुंडाळली. आत धूळ जाऊ नये म्हणून जे जे आवळता येईल ते आवळलं. नागूमामी म्हणायची, "लेकराला तरी असं झाकलं व्हतं का कधी?"

पाणी परत आलं तेव्हा मोटर दोरीच्या पहिल्याच ओढीला सुरू झाली, पण नदीच्या मध्यावर तिने दम टाकला. आवाज बारीक होत गेला आणि नाव धारेला आडवी झाली.

"नरसिंगा, मोटर हाय का म्हैस?" नावेतली सरजाबाई म्हणाली. "पाणी दिसलं की बसायली."

लोक हसले. मामा हसला नाही. त्याने प्लग पुसला, पेट्रोल गाळायची जाळी धुतली, अंगणात पाण्याच्या पिंपात मोटर लावून पाहिली. पिंपात ती घटकाभर झकास चालायची. नदीत मात्र रोज तेच.

मग मामाच्या मनात रॉकेलच्या भेसळीचा संशय आला. पेट्रोल महाग होतं आणि टाकी केरबाच भरत होता. मोटर मंदावली की मामा टाकीचं झाकण उघडून वास घ्यायचा आणि झाकण लावून दोरी ओढायचा. मोटर पुन्हा चालू लागायची. थोडं पुढे जाऊन पुन्हा बसायची.

केरबा समोर बसून हे पाहत असे. एकदा भरल्या नावेत मामा त्याला म्हणाला, "रॉकेल टाकायलास का रे?"

नाव काठाला लागल्यावर केरबा उतरला आणि त्याच आठवड्यात लातूरला गेला. तिथे नव्या कचेऱ्यांची बांधकामं चालू होती, राखणदार हवे होते.

आता टाकी नागूमामी भरू लागली. एके दिवशी घाईत तिने झाकण नुसतं वर ठेवलं, फिरवलं नाही. मोटर या काठावरून त्या काठाला एका दमात गेली. परत येताना मामाने झाकण घट्ट केलं, तर ती मध्यावर बसली.

मामाने झाकण हातात घेऊन पाहिलं. त्याच्या मधोमध बारीक स्क्रू होता. तो सैल असला तरच टाकीत हवा शिरते आणि पेट्रोल खाली उतरतं. दुष्काळात धुळीच्या भीतीने मामानेच तो पक्का आवळला होता. वास घ्यायला झाकण उघडलं की हवा आत जायची, म्हणून मोटर चालायची.

दुसऱ्या दिवशी तो लातूरला गेला. केरबा एका अर्धवट इमारतीपाशी खुर्ची टाकून बसला होता. त्याने चहा मागवला. मामाने स्क्रूचं सगळं सांगितलं.

"चल घरी," मामा म्हणाला. "चूक माझी हाय."

"स्क्रूचं काय, ते मला बी कळलं न्हाई," केरबा म्हणाला. "तू रोज वास घेत व्हतास. आला व्हता का रॉकेलचा वास? एकदा तरी?"

"न्हाई."

"मंग?"

मामाने पेला खाली ठेवला. केरबाने दोन्ही पेले उचलले, नळाखाली विसळले आणि परत येऊन खुर्चीवर बसला. "बस निघंल तुझी," एवढंच म्हणाला.

पुढे पूल झाला आणि नाव बंद पडली. मोटर अजून मामाच्या ओसरीत आहे. तिच्यावर धूळ साचते. मामा पुसतो, पण झाकणावरचा स्क्रू त्याने पुन्हा आवळला नाही.