दिवसभर एकच यंत्र

आमचे भावोजी मोडतील पण वाकणार नाहीत. बंदराच्या तळाशी गाडलेल्या नांगरसाखळ्या तपासायचं त्यांचं काम. दुसरं काही येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. म्हणून डोळे अधू झाल्याचं त्यांनी माझ्या ताईलासुद्धा सांगितलं नाही. डोळे गेले की काम गेलं, एवढंच त्यांच्या डोक्यात.

माझं पाणबुड्यांच्या सामानाचं दुकान. एकदा सकाळची बुडी आटोपून ते ओल्या केसांनीच आले. "डाइव्ह कॉम्प्युटर दाखव," म्हणाले. हे मनगटावर बांधायचं यंत्र. पाण्याच्या दाबाने अंगात वायू भिनतो, त्याचा हिशेब ठेवून ते तळाशी अजून किती वेळ थांबता येईल ते सांगतं. हिशेब चुकला की त्याच वायूचे बुडबुडे होतात आणि माणूस लुळा पडतो.

आधी त्यांनी एकाच बटणाचं यंत्र उचललं. थोडं दाबलं की एक, जास्त दाबलं की भलतंच. "हे यंत्र आहे की तुझी ताई? कधी काय म्हणेल नेम नाही!" दुसऱ्याला चार बटणं, जाड हातमोज्यातही सापडणारी. सेल भरपूर चालतो, पण आकडे मुंगीएवढे. त्यांचं जुनं यंत्र असलंच. तिसरं रंगीत पडद्याचं. आकडे ठसठशीत, धोका दिसला की मनगटावर थरथरतं. सारखं चार्ज करावं लागतं म्हणून मी नाक मुरडलं, तर म्हणाले, "मोबाईलचे लाड करतेस ना? तसे याचे करू."

"उद्या सकाळी लावून बघा," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

उद्यापर्यंत धीर कुठला! दुपारच्या बुडीला त्यांनी जुनं काढून नवं बांधलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! प्रत्येक नवख्याला हेच ओरडायचे, "सकाळी जे मनगटावर, तेच दिवसभर." कारण सकाळी भिनलेला वायू दुपारीही अंगात उरलेला असतो, आणि नव्या यंत्राला सकाळची बुडी ठाऊकच नसते. त्याच्या लेखी माणूस ताजातवाना, घरून आत्ताच निघालेला. त्याने भरपूर वेळ दाखवला. भावोजींना तो स्वच्छ वाचता आला, आणि ते तळाशी राहिले. यंत्र एकदाही थरथरलं नाही.

होडी धक्क्याला लागेपर्यंत त्यांच्या पायांतला जीव गेला होता.

इस्पितळात बुडबुडे विरावेत म्हणून त्यांना दाब देण्याच्या लोखंडी खोलीत ठेवलं. जाड काचेला कपाळ टेकून ताई बाहेर उभी. पुन्हा दाब, पुन्हा वाट. पाय तसेच. मी डॉक्टरांवर चिडले, यंत्रावर चिडले, दुसरं करण्यासारखं होतं काय?

शेवटी त्यांना साध्या खाटेवर आणलं. ताईने सामानाची पिशवी उघडली, तर वरच जुनं यंत्र. भावोजींनी ते मागितलं. जवळ धरलं, लांब धरलं, मग ताईच्या हातात दिलं.

"तूच वाच गं. मला दिसत नाही."

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

माझ्या दुकानात नंबरच्या काचांचे पाण्यातले चष्मे फळीभर पडून आहेत. मी तसं म्हणाले आणि म्हणताक्षणी जीभ चावली. ताईचा बांध फुटला.

"वाच ना," भावोजी म्हणाले.

तिने डोळे पुसले. "आता पाण्यात उतरायला हरकत नाही, असं म्हणतंय."

भावोजी चादरीखालच्या पायांकडे बघत राहिले. तेवढ्या अंतरावरचं त्यांना अगदी स्पष्ट दिसत होतं.