पहिला बाऊल सुनेला

"जळतंय का गं?" काकूंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही काकू. हे असंच करायचं असतं."

"मग दाणे भाजल्यासारखा वास कुठून येतोय?"

"याचाच आहे. मैद्याचा."

काकूंना ते पटलं नाही. ओट्याच्या पलीकडे भेंडी पुसत उभ्या असलेल्या सुनंदाताईंनाही पटलं नसावं. त्या बारा वर्षं या घरात स्वयंपाक करतात, आणि त्या संध्याकाळी त्यांच्या गॅससमोर मी उभी होते.

मी पर्सनल शेफ आहे. म्हणजे लोकांच्या घरी जाऊन, त्यांच्याच स्वयंपाकघरात, ते सांगतील ते जेवण करून देते. पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलं, तिथल्याच एका हॉटेलच्या किचनमध्ये तीन वर्षं काढली आणि श्रीरामपूरला घरी परत आले. इथे माझ्या ऑर्डर्स बहुतेक पास्ता, थाई करी आणि केकच्या. गंबोची ही पहिलीच.

गंबो हा अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा पदार्थ, तिथल्या केजन लोकांच्या घरचा. चिकन आणि धुरावलेलं सॉसेज घातलेला गडद रस्सा, भातावर घेऊन खायचा. त्याचा सगळा जीव रूमध्ये असतो. रू म्हणजे तेलात मंद आचेवर भाजत नेलेला मैदा. पांढरा मैदा आधी पिवळा होतो, मग तांबूस, आणि शेवटी काकवीसारखा काळपट. पाऊण तास लागतो. तेवढा वेळ हात थांबवायचा नाही, फोन घ्यायचा नाही, कुणी बोललं तर नुसती मान हलवायची. मला हा भाग आवडतो.

ऑर्डर काकूंची होती. काकू म्हणजे आमच्याच भागातल्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा मुलगा निखिल अमेरिकेत असतो. त्याची बायको क्लेअर लुइझियानाची. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि निखिलबरोबर ती पहिल्यांदाच सासरी आली होती.

"आठ दिवस झाले, पोरगी नुसतं वरण-भात आणि दही खातेय," काकू फोनवर म्हणाल्या होत्या. "तिच्या माहेरचं काहीतरी घालायचंय तिला. निखिल गंबो गंबो म्हणतो. येतं का तुला?"

"येतं. कुणाला काही ॲलर्जी?"

हा प्रश्न माझ्या ऑर्डरच्या फॉर्ममध्ये आहे. बहुतेक लोक हसतात आणि 'नाही' म्हणतात.

"तिला शेंगदाणे चालत नाहीत."

"आवडत नाहीत, की त्रास होतो?"

"त्रास होतो म्हणतो निखिल. पित्त उठत असेल अंगावर."

मी निखिलचा नंबर घेतला. तो म्हणाला, "सिव्हिअर आहे. गळा सुजतो, श्वास अडकतो. ती कायम इंजेक्शन बरोबर ठेवते." तेव्हा मला वरण-भाताचं कारण कळलं. आमच्याकडे वांग्यात कूट, भेंडीत कूट, दोडक्यात कूट, मेथीत कूट. पाहुणी खाणार काय?

मी काकूंना पुन्हा फोन केला आणि निखिलचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"अगं, मला माहितीये. मुलगा सांगत नाही का मला? दाण्याचे सगळे डबे माळ्यावर टाकलेत."

मी माझ्या बाजूने सगळं केलं. काकूंच्या घरचं तेल घाण्यावरचं, शेंगदाण्याचं. म्हणून सूर्यफुलाची सीलबंद पिशवी मी नेली. पातेली माझी, चमचे माझे, चॉपिंग बोर्डही माझा. एका पदार्थाचा अंश नकळत दुसऱ्यात जातो, त्याला आमच्या कामात क्रॉस-कंटॅमिनेशन म्हणतात. कॉलेजमध्ये त्याच्यावर पूर्ण पेपर होता. मला त्यात चांगले मार्क होते.

त्या संध्याकाळी काकूंनी नेवाशाहून जाऊबाई आणि त्यांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. एकूण नऊ माणसं. पाहुण्यांना नुसता रस्सा-भात कसा द्यायचा, म्हणून पोळ्या आणि काकडीची कोशिंबीर ठरली.

"कोशिंबीर कुटाशिवाय नाही का चालणार, काकू?"

"जाऊबाई नावं ठेवतील गं. मागच्या पडवीत करते, वेगळ्या पातेल्यात. तुझ्या गॅसपाशी आणणारसुद्धा नाही."

मला ते पसंत नव्हतं. पण शेंगदाण्याचा विषय मी आधीच दोनदा काढला होता. माझ्या आईच्या वयाच्या बाईंना त्यांच्याच घरात तिसऱ्यांदा सांगणं मला जमलं नाही. मी मान हलवली.

रू काकवीच्या रंगाचा झाला. त्यात कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी गेली. सेलरी म्हणजे कोथिंबिरीच्या देठाचा थोराड भाऊ म्हणा, वास ओव्याच्या पानाकडे झुकणारा. ती पुण्याहून मागवावी लागली होती, सॉसेजही. मग लसूण, मसाला, चिकनचं पाणी, चिकन, सॉसेज. तासभर बारीक आचेवर. शेवटी भेंडी. आमच्याकडे भेंडीची तार मोडायला आपण धडपडतो, तिकडे त्या तारेनेच रस्सा आळतो.

सुनंदाताई सगळं बघत होत्या. एकदाच म्हणाल्या, "ताई, लई पातळ हाय की."

"एवढाच ठेवायचा असतो."

"व्हय?"

सव्वासातला मी चव घेतली. नीट जमला होता. रस्सा जिभेवरून गुळगुळीत उतरत होता, कुठे गाठ नाही, कण नाही. गॅस अगदी बारीक केला, झाकण ठेवलं आणि भाताचं भांडं घेऊन जेवणाच्या खोलीत गेले.

क्लेअर तिथे होती. बाऊल कसा लावायचा, भाताचा गोळा मध्ये ठेवून रस्सा भोवतीने कसा सोडायचा, ते तिने मला दाखवलं. तिची आई व्हिडिओ कॉलवर येणार होती, तिकडे सकाळ होती. मग जाऊबाईंनी मला थांबवून मी कुणाची मुलगी, लग्न झालं का, अमेरिकन स्वयंपाक कुठे शिकले, हे विचारलं. शेवटी ताटं पुसून, भात वाढून मी मागच्या अंगणातल्या नळावर माझे चमचे धुवायला गेले. सगळं मिळून पंधरा मिनिटं मी गॅसपाशी नव्हते.

परत आले. आमच्या कामात वाढण्याआधी पुन्हा चव घ्यायची असते. मघाशी घेतली असली तरी. मी स्वच्छ चमचा बुडवला.

जिभेवर कण लागले.

पहिल्यांदा वाटलं, मैद्याची गाठ. पण मैद्याची गाठ चिकट असते. हे बारीक, रवाळ होतं. थोडं बोटांवर घेऊन चोळलं. कण तेलकट होते. वासावरून काहीच कळत नव्हतं, कारण काळा रू मुळात भाजलेल्या दाण्यांसारखाच वास देतो. पातेल्यात कुणी किलोभर कूट ओतलं असतं तरी नाकाला पत्ता लागला नसता.

काकू ओट्याशी उभ्या होत्या. सुनंदाताई पोळ्यांना तूप लावत होत्या.

"काकू, यात कुणी काही घातलंय?"

"नाही बाई. कोण घालणार?"

"कूट आहे यात."

"छे. पिठाची गाठ राहिली असेल तुझ्या." त्या वळल्या. "सुनंदा, तू काही घातलंस?"

"न्हाई बाई. म्या झाकनाला हात बी न्हाई लावला."

"मग झालं तर. एवढं बजावलंय मी सगळ्यांना."

काकू खोटं बोलत नव्हत्या. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो, त्यात लपवल्यासारखं काही नव्हतं. पण सुनंदाताई माझ्याकडेही बघत नव्हत्या आणि पातेल्याकडेही नाही. त्या काकूंच्या डाव्या हाताकडे बघत होत्या. त्या हातात एक छोटी स्टीलची वाटी होती. रिकामी. कडेला पांढुरका भुगा चिकटलेला.

काकूंनीही खाली बघितलं.

"कोशिंबिरीचं उरलं होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "आत ठेवायला आले. झाकण उचलून बघितलं तर रस्सा नुसता पाण्यासारखा..."

चाळीस वर्षं पातळ रस्सा दिसला की जे केलं, तेच त्यांच्या हाताने केलं होतं. डोक्याला विचारलंच नव्हतं.

तेव्हा कुठे माझ्या तोंडून योग्य प्रश्न निघाला. "क्लेअरला वाढलंय?"

"मघाशीच," काकू म्हणाल्या. "पहिला बाऊल तिला."

मी पळाले. ओरडायला हवं होतं. क्लेअर टेबलाशी बसली होती, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला, स्क्रीनवर तिची आई. क्लेअर चमचा कॅमेऱ्यासमोर धरून रंग दाखवत होती. बाऊल जवळजवळ भरलेला होता. मी तो तिच्या समोरून ओढून घेतला. रस्सा टेबलक्लॉथवर सांडला. जाऊबाई म्हणाल्या, "अगं अगं, हे काय?"

"Peanut," मी म्हणाले. एवढा एकच शब्द आला.

क्लेअरने चमचा खाली ठेवला. अगदी शांतपणे. मग निखिलकडे बघून म्हणाली, एक घास घेतलाय, आणि ओठ चुरचुरताहेत, मला वाटलं मसाल्याने.

पुढचं फार भराभर झालं. तिच्या मानेवर लाल गांधी उठल्या. ती खोकायला लागली, मग खोकल्याचा आवाज बदलला. निखिलने तिच्या पर्समधून जाड पेनासारखं इंजेक्शन काढलं आणि जीन्सवरूनच मांडीत दाबून धरलं. मी कधी कुणाला असं इंजेक्शन देताना पाहिलं नव्हतं. टेबलाभोवतीच्या कुणीच पाहिलं नव्हतं. फोनमधून तिची आई तिला नावाने हाका मारत होती, आणि तो फोन बंद करायचं कुणाला सुचत नव्हतं.

काकू दारात उभ्या होत्या. वाटी अजून हातातच. "पित्ताची गोळी देऊ का?" त्या विचारत होत्या. "निखिल, गोळी देऊ का रे?"

निखिलने क्लेअरला गाडीत घातलं. हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं. इंजेक्शनने ती बोलायला लागली होती, तरी न्यावंच लागतं, कारण औषधाचा जोर उतरल्यावर त्रास परत उलटू शकतो. काकूही गेल्या, चप्पल न घालता.

मी स्वयंपाकघरात आले आणि गॅस बंद केला. मला सारखं एकच दिसत होतं. कण लागल्यावर मी विचारलं, कुणी काय घातलं. विचारायला हवं होतं, कुणी खाल्लं. मधलं अख्खं मिनिट मी चौकशीत घालवलं. घास त्याआधी गेला होता की त्या मिनिटात, हे मी क्लेअरला अजून विचारलेलं नाही.

सुनंदाताईंनी पातेल्याचा एक कान धरला, मी दुसरा. सहा लिटर गंबो आम्ही मागच्या मोरीत ओतला.

"मी बघितलं हुतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बाईंनी दोन मुठी घातल्या. मी हितंच हुते."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुमच्या त्या रश्शात आसतंच कूट. तुमी भाजत हुत्या तवा वास दान्याचाच येत हुता की. आन् बाईंनी इचारलं, तू घातलंस का. मी न्हाई घातलं, तर न्हाई म्हनले."

"क्लेअरला शेंगदाणा चालत नाही, माहीत होतं ना?"

"डबं वर टाक म्हनल्या, टाकले. का टाकायचे ते मला कोन सांगतंय? मला वाटलं, तिला आवडत न्हाई." त्या पातेलं घासत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आसं मानूस मरतं व्हय त्याच्यानं?"

मी हो म्हणाले. त्यांनी घासणी ठेवली आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

मी निखिलशी बोलले होते. काकूंशी दोनदा बोलले होते. तीन तास ओट्यापलीकडे उभ्या असलेल्या बाईंना मात्र मी चकार शब्दाने काही सांगितलं नव्हतं. ज्यांनी मूठ पडताना पाहिली, त्यांनाच ती मूठ काय आहे हे ठाऊक नव्हतं. त्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी जागच्या जागी काकूंचा हात धरला असता. याबद्दल मला शंका नाही.

क्लेअरला दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडलं. काकूंचा फोन आला तो तीन दिवसांनी. ती बरी आहे, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला ते घातलेलं आठवतच नाही गं. वाटी दिसली म्हणून कळलं." मी "हं" म्हणाले.

परत जायच्या आदल्या दिवशी क्लेअरचा मेसेज आला. तिची आई म्हणते, रूचा रंग अगदी बरोबर होता.

माझा फॉर्म आता बदललाय. फोनवर मी तो भरून घेत नाही. घरी जाते आणि रोज स्वयंपाक कोण करतं ते विचारून आधी त्यांच्याशी बोलते, मग ऑर्डर देणाऱ्यांशी. ॲलर्जीचा प्रश्न अजून आहे, पण तो दुसरा. पहिला असा आहे: तुमच्याकडे रस्सा पातळ झाला, तर त्यात काय घालता? बरेच जण हसतात, म्हणतात, काही नाही, आणि मग सांगायला लागतात.